सलिव्हन बेटावरचा किल्ला, 1776: झाडाने वाचवला, वाळूने की तोफांनी?

दर्यावर्दी
28 जून 1776, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध. दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी असलेलं सलिव्हन बेट. त्यावर अर्धाच बांधून झालेला किल्ला. समुद्राकडची तटबंदी उभी राहिलेली, मागची बाजू जवळजवळ उघडी. आत कर्नल विल्यम मोल्ट्री आणि चारशेच्या वर माणसं. तोफा तीसएक. समोर सर पीटर पार्करचं ब्रिटिश आरमार: ब्रिस्टल आणि एक्सपेरिमेंट ही 50-50 तोफांची दोन मोठी जहाजं, शिवाय अॅक्टिव्ह, सोलबे, अॅक्टिऑन, सायरन, स्फिंक्स, फ्रेंडशिप आणि उखळी तोफेची थंडर. सगळ्या मिळून 260च्या आसपास तोफा.

दुपारच्या आधी सुरू झालेला मारा रात्री नऊच्या सुमारास थांबला. नंतर जहाजं नांगराचे दोर सोडून अंधारात मागे सरकली. किल्ल्यात 12 मेले, 25 जखमी झाले. आरमाराचे मेलेले आणि जखमी मिळून दोनशेवर.

या विजयाचं श्रेय नेहमी पाल्मेटो नावाच्या झाडाला मिळतं. किल्ल्याच्या भिंती या ताडवर्गी झाडाच्या ओंडक्यांच्या होत्या. दोन रांगा, मध्ये 16 फुटांची पोकळी, ती वाळूने भरलेली. गोळे त्यात रुतून बसत. आज दक्षिण कॅरोलायनाच्या झेंड्यावर हेच झाड आहे.

माझं म्हणणं असं की झाडाचं कौतुक जरा जास्तच झालंय. भिंत चांगली असली तर आपण मरत नाही, पण समोरचा त्याने मरत नाही. ब्रिस्टलवर एकट्या 40 जणांचा जीव गेला, तो तोफांनी. आणि त्या तोफा चालवल्या अत्यंत कंजूषपणे. दिवसभरात किल्ल्याने 5,000 पौंडांपेक्षा कमी दारू जाळली, ब्रिटिशांनी सुमारे 34,000 पौंड. मला तरी हा विजय काटकसरीचा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

टवाळखोर
पहिला! आता वाचतो.

वृक्षवेडी
झाडावर अन्याय होतोय म्हणून लगेच लिहायला बसले.

पाल्मेटोचं खोड ओक किंवा सागासारखं टणक नसतं. आत नुसते तंतू, ओलसर आणि भुसभुशीत. टणक लाकडावर गोळा बसला की लाकूड फुटतं आणि त्याच्या चिरफळ्या माणसांत घुसतात. त्या काळच्या सागरी लढायांत गोळ्यापेक्षा चिरफळ्यांनी माणसं जास्त जायची. पाल्मेटो फुटतच नाही, गोळा गिळून टाकतं. आता गंमत बघा: किल्ला मऊ लाकडाचा आणि जहाजं टणक ओकची. म्हणजे एकाच जातीच्या गोळ्याने इकडे खड्डा पडत होता आणि तिकडे भाल्यांचा पाऊस. तुमची काटकसर मान्य, पण ती करायला गोलंदाज जिवंत राहिले ते कोणामुळे?

गोलंदाज
ताई, वाळूला विसरू नका. 16 फूट वाळू असेल तर बाहेरून काहीही लावा. पाल्मेटो वापरलं कारण बेटावर तेच होतं, दगड नव्हता. वाळू थोपवून धरायला कसलं तरी लाकूड हवं होतं, इतकंच.

वृक्षवेडी
"इतकंच" म्हणे! ओकच्या फळ्या लावून वाळू थोपवली असती तर आतल्या अंगाला चिरफळ्या उडाल्याच असत्या.

चिकित्सक
दोघांचंही थोडं थोडं बरोबर. पण एक गोष्ट राहतेय. थंडरने जे बॉम्बगोळे टाकले ते भिंतीवर नव्हे, भिंतीवरून आत पडत होते. तिथे झाड कामाला आलं नाही. किल्ल्याच्या मधोमध दलदल होती, बॉम्ब तिच्यात गडप व्हायचे आणि वाती विझायच्या. बाकीचे आजूबाजूच्या वाळूत. मोल्ट्रीने स्वतः हे लिहून ठेवलंय. शिवाय थंडरने नांगर टाकला दीड मैलावर. तिथून पल्ला गाठायचा म्हणून उखळीत जादा दारू ठासली आणि धक्क्याने उखळीची बैठकच मोडली. म्हणजे आरमाराचं सगळ्यात धोकादायक हत्यार स्वतःच्याच हाताने बाद झालं.

माझ्या मते त्या दिवशी ब्रिटिश हरले, किल्ला जिंकला असं म्हणणं अर्धंच.

बखरवाली
चिकित्सक यांच्याशी सहमत, आणि त्यात भर.

पार्करचा मूळ बेत वाईट नव्हता. मोठी जहाजं समोरून झोडपणार आणि अॅक्टिऑन, स्फिंक्स, सायरन ही तीन फ्रिगेटं (लहान लढाऊ जहाजं) वळसा घालून पश्चिमेकडे जाणार, जिथे तटबंदी पुरी झालीच नव्हती. तिथून फांजीच्या (तटामागच्या चालायच्या वाटेच्या) लांबीने गोळे सोडले असते तर एकही तोफ चालवता आली नसती. हे जमलं असतं तर आज आपण पाल्मेटो हे नावही ऐकलं नसतं.

झालं काय? तिन्ही फ्रिगेटं बंदरातल्या वाळूच्या दांड्यावर रुतली. त्यांतली दोन एकमेकांत अडकली, स्फिंक्सची नाळेवरची (पुढच्या टोकाची) आडवी काठी तुटली. स्फिंक्स आणि सायरन नंतर निसटल्या, अॅक्टिऑन काही निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच लोकांनी तिला आग लावली. तेवढ्यात किल्ल्यातले काही जण होड्यांतून तिच्यावर चढले, तिच्याच तोफा ब्रिस्टलच्या दिशेने डागल्या, घंटा आणि हाताला लागेल ते सामान उचललं आणि स्फोट व्हायच्या आत परत आले.

ज्या उथळ जागेवर ती रुतली तिथेच पुढे फोर्ट सम्टर उभा राहिला. तोच, ज्याच्यावरच्या माऱ्याने 1861 साली अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं.

टवाळखोर
जळत्या जहाजावर चढून त्याच्याच तोफेने त्याच्याच सरदाराला सलामी आणि येताना घंटा! पूर्ण दंडवत.

उगीचच
मला त्या पार्करच्या चड्डीबद्दल कोणी का सांगत नाही?

बखरवाली
आलेच त्यावर :)

ब्रिस्टलला जागेवर फिरवून धरणारा दोर गोळ्याने तुटला आणि जहाजाने पिछाडी किल्ल्याकडे केली. मोल्ट्रीचा हुकूम होताच, की कमोडोरवर (म्हणजे पार्करवर) आणि पन्नास तोफांच्या दोन जहाजांवर लक्ष ठेवा. मग काय, पिछाडीतून शिरलेला गोळा थेट नाळेपर्यंत. एका वेळी वरच्या डेकवर पार्कर सोडून कोणी उभं नव्हतं असं सांगतात. कॅप्टन मॉरिसला हात गमवावा लागला आणि पुढे तो दगावला. लॉर्ड विल्यम कॅम्पबेल, म्हणजे राजाने नेमलेला आणि वसाहतीतून पळ काढावा लागलेला गव्हर्नर, हौसेने खालच्या डेकवरच्या तोफांवर काम करत होता. त्याला जखम झाली आणि दोनेक वर्षांनी तीच त्याला भोवली. खुद्द पार्करची विजार मागून उडाली, मांडी आणि गुडघा जखमी झाला. वसाहतवाल्यांना वर्षभर पुरेल एवढा विनोदाचा मालमसाला मिळाला.

टवाळखोर
म्हणजे जहाजाची आणि कमोडोरची, दोघांचीही पिछाडीच गेली. (हलके घ्या.)

निळी_शाई
मूळ मुद्द्याकडे. धागाकर्त्याने काटकसरीचं श्रेय मोल्ट्रीला दिलंय, पण ती त्याची निवड नव्हती. दारूच नव्हती! मध्ये तासभर किल्ल्याच्या तोफा बंद होत्या, जहाजांवरून वाटलं की शिबंदी पळाली. शहरातून वसाहतवाल्यांच्या नव्या सरकारचा अध्यक्ष जॉन रटलेजने 500 पौंड दारू पाठवली आणि सोबत चिठ्ठी: तोफांचा फार सैल वापर करू नका, शांत राहा आणि नुकसान करा. नाइलाजाला शिस्त म्हणायचं का?

दर्यावर्दी
नाइलाजातही दोन प्रकार असतात. दारू कमी आहे म्हटल्यावर घाबरून पहिल्या दोन तासांत ती संपवणारे किल्लेदार काय कमी झालेत? इथे प्रत्येक तोफ धूर विरेपर्यंत थांबत होती, नेम धरत होती आणि मगच बत्ती. ही माणसं काही मुरलेले गोलंदाज नव्हती, वर्षभरापूर्वी उभी केलेली पलटण होती. त्यांना थांबायला लावणं हे किल्लेदाराचं काम, आणि तेही गाउटने (सांध्यांच्या आजाराने) पाय सुजलेल्या किल्लेदाराचं.

उगीचच
गाउट? आणि लढाईभर पाइप ओढत होता ना?

दर्यावर्दी
हो, तो आणि त्याचे अधिकारी, सगळेच. आगीच्या बादल्यांतून ग्रॉग (पाणी घातलेली रम) फिरवला जात होता. इतकं चवदार पेय आयुष्यात प्यायलो नाही अशा अर्थाचं मोल्ट्री लिहितो.

टवाळखोर
एक दारू संपत आलेली आणि दुसरी बादल्यांनी. नियोजन म्हणतात ते हेच.

उलटतपासणी
मी जरा नावडतं बोलतो. या कथेत जनरल चार्ल्स लीला कायम खलनायक करतात. अमेरिकन काँग्रेसने पाठवलेला हा अनुभवी सेनानी. त्याने किल्ला बघितला आणि म्हणाला, हा तर कत्तलखाना, सोडून द्या. रटलेजने नकार दिला. हात कापून घेईन पण तसा हुकूम लिहिणार नाही, अशा आशयाचं त्याने मोल्ट्रीला कळवलं. आता निकाल माहीत असल्यामुळे आपण लीला हसतो.

पण ज्या दिवशी त्याने पाहणी केली त्या दिवशी तो चूक होता का? मागची बाजू उघडी, बेटावरून परतायला धड पूल नाही, दारू तुटपुंजी. बखरवालींनीच वर सांगितलंय की तीन फ्रिगेटं रुतली नसती तर सगळं संपलं होतं. मग लीचा अंदाज अचूकच होता, फक्त वाळूचा दांडा त्याच्या बाजूने नव्हता. शिवाय मागे आडोसे घाला, बेटाच्या उत्तर टोकाला माणसं वाढवा, हा धोशा त्यानेच लावला होता.

गोलंदाज
लीचा अंदाज लष्करी पुस्तकाप्रमाणे बरोबर. पण त्याच्या सल्ल्याप्रमाणे किल्ला सोडला असता तर बंदराचं तोंड मोकळं आणि गावावर थेट तोफा. पर्याय काय होता त्याच्याकडे?

मोल्ट्रीचं उत्तर मला आवडतं. एका जुन्या कप्तानाने त्याला विचारलं, ही जहाजं तुमचा किल्ला अर्ध्या तासात पाडतील, मग काय करणार? हा म्हणाला, मग आम्ही ढिगाऱ्यामागे पडून राहू आणि त्यांना उतरू देणार नाही.

बाकी ली लढाई चालू असताना होडीतून किल्ल्यात आला, दोन-तीन तोफांचा नेम स्वतः धरला आणि तुमचं ठीक चाललंय, माझी इथे गरज नाही, म्हणून परत गेला. एवढा मोठेपणा त्याच्यात होता हे मान्य करायला हवं.

वृक्षवेडी
गरज नाही म्हणाला की ग्रॉग संपला होता? :D

चिकित्सक
उत्तर टोकाचा विषय निघालाच आहे तर तो सविस्तर यायला हवा, कारण खरी लढाई तिथे हरली गेली.

ब्रिटिशांकडे नुसतं आरमार नव्हतं. जनरल हेन्री क्लिंटन दोन हजारांहून जास्त सैनिक घेऊन शेजारच्या लाँग आयलंडवर उतरला होता. हेच आजचं आयल ऑफ पाम्स. सोबत कॉर्नवॉलिस, तोच जो पुढे यॉर्कटाउनला शरण आला आणि त्यानंतर गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे. दोन बेटांमध्ये ब्रीच इनलेट नावाची चिंचोळी खाडी. बेत असा की ओहोटीला ती चालत ओलांडायची आणि किल्ल्याच्या उघड्या पाठीवर जायचं. खाडी ओहोटीला दीड फूट खोल असते अशी खबर होती. प्रत्यक्षात निघाली सात फूट.

उगीचच
दीड आणि सात?? मोजली नाही का आधी कोणी?

चिकित्सक
उतरल्यावर मोजली. तोवर सैन्य बेटावर आलेलं. मग होड्यांतून जायचा प्रयत्न झाला, पण पलीकडे कर्नल विल्यम थॉमसन 780 माणसं आणि दोन तोफा घेऊन बसला होता. त्याच्या लोकांत कॅटॉबा जमातीचे योद्धेही होते. प्रवाह जोराचा आणि होड्या थोड्या, त्यामुळे एका खेपेला मोजकीच माणसं पलीकडे जाणार. क्लिंटनने दिवसभर बसून पार्करची लढाई ऐकली. नंतर दोघांनी एकमेकांवर खापर फोडलं ते वर्षानुवर्षं.

थॉमसनच्या जागेला झेंड्यावर स्थान नाही, पण किल्ल्याइतकंच श्रेय त्याचं.

निळी_शाई
हे छान सांगितलंत. वाचनखूण साठवली आहे.

अवांतर: आपल्या किनाऱ्यावर याच्या उलटं घडलं होतं. 1756च्या फेब्रुवारीत वॉटसनने विजयदुर्गावर मारा केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीवाटीने उभं होतं. एका जहाजाला आग लागली आणि सगळं जळालं. आणि मागून उतरणाऱ्या सैन्याला अडवायला थॉमसन नव्हता, उलट पेशव्यांची फौजच इंग्रजांच्या बाजूने. किल्ला कितीही बुलंद असला तरी जमिनीकडची बाजू कोणाकडे आहे यावर सगळं.

उलटतपासणी
त्यावर वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं तर कुलाब्यावरची 1721ची इंग्रज-पोर्तुगीज मोहीमही येईल आणि मूळ विषय बुडेल.

उंबरठा
रोज नुसती वाचते, आज लिहिते.

या किल्ल्याच्या भिंती रचल्या कोणी? ओंडके तोडून, बेटावर आणून, वाळू भरणाऱ्यांत मोठ्या संख्येने गुलाम आफ्रिकी मजूर होते. वाळूच्या दांड्यांतून जहाजं नेणारे वाटाडेही काळेच, तेही बळजबरीने आणलेले. पार्करचा बेत होता अगदी जवळ जायचा, डोलकाठ्यांवरून बंदुका चालवून फांजी साफ करायचा. वाटाड्यांनी जहाजं त्याहून बरीच लांब ठेवली. भीतीने असेल, पाण्याच्या अंदाजाने असेल.

आणि हेच सलिव्हन बेट अनेक दशकं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना बंदरात न्यायच्या आधी विलगीकरणात ठेवायची जागा होती. उत्तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या आफ्रिकी माणसांचा फार मोठा हिस्सा या बंदरातून गेला. स्वातंत्र्याच्या लढाईचं स्मारक आणि ही जागा एकाच बेटावर आहेत. श्रेयाची वाटणी चालली आहे म्हणून लिहिलं.

वृक्षवेडी
+1. थांबून वाचायला लावलंत.

बखरवाली
उंबरठाताई, लिहित्या राहा. वाटाड्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लढाई चारशेएक यार्डांवरून झाली, पार्करला ती याहून कितीतरी जवळून हवी होती. जवळून झाली असती तर वाळू आणि पाल्मेटो असूनही वर उभं राहणं अवघड होतं.

सॅव्हाना_काठी
मी शेजारच्या राज्यात राहतो. जाणार असाल तर एक सांगतो: पाल्मेटोचा किल्ला शोधू नका. तो पडून गेला. 1798 साली दुसरा बांधला, तो 1804च्या चक्रीवादळाने नेला. आज दिसतो तो 1809चा, विटांचा. सेमिनोल या मूळ अमेरिकी जमातीचा नेता ओसिओला याचा 1838 साली इथेच कैदेत मृत्यू झाला, दारातच त्याची कबर आहे. मला तिथे लढाईच्या फलकांपेक्षा तीच जास्त आठवते.

आणि सार्जंट जॅस्परचा उल्लेख अजून कसा नाही? झेंड्याची काठी तुटून निळा झेंडा तटाबाहेर पडला. हा उडी मारून बाहेर गेला, झेंडा उचलला, तोफ पुसायच्या दांड्याला बांधला आणि माऱ्यातच पुन्हा रोवला. रटलेजने त्याला तलवार दिली. पुढे 1779 साली सॅव्हानाच्या वेढ्यात मारला गेला, तिथल्या चौकात पुतळा आहे.

टवाळखोर
आता हा धागा पूर्ण झाला. झेंड्याशिवाय लढाई म्हणजे काय.

उलटतपासणी
पूर्ण नाही. 1780 राहिलं. सगळ्यांनी जाणूनबुजून टाळलंय असं दिसतंय.

चार वर्षांनी क्लिंटन परत आला. किल्ला तोच, आता मोल्ट्रीचं नाव दिलेला आणि आधीपेक्षा पुरा. 8 एप्रिलला अॅडमिरल आर्बथनॉटची जहाजं चांगला वारा धरून किल्ल्यासमोरून सरळ निघून गेली. गोळे खाल्ले, थोडी माणसं गेली, पण थांबली नाहीत. मे महिन्यात किल्ला न लढता शरण गेला आणि 12 मे रोजी शहर. खुद्द मोल्ट्री कैद झाला.

झाड तेच, वाळू तीच, तोफा त्याच. मग 1776चं श्रेय यांपैकी कोणाला कसं द्यायचं? पार्कर नांगर टाकून समोर उभा राहिला, म्हणून हरला. आर्बथनॉट थांबला नाही. किल्ल्याला शत्रूला मारता येतं, अडवता येत नाही, जोवर शत्रू स्वतः थांबत नाही.

गोलंदाज
हा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. पण मग 1776ला पार्करही सरळ पुढे का गेला नाही?

दर्यावर्दी
जाऊन करणार काय होता? गाव घ्यायला सैन्य लागतं, आणि त्याचं सैन्य चिकित्सक यांनी सांगितलेल्या सात फूट पाण्याच्या पलीकडे अडकलेलं. आत शिरला असता तर पाठीमागे शाबूत किल्ला, समोर लीची हजारोंची फौज आणि बाहेर पडायची वाट पुन्हा त्याच तोफांखालून. बंदराच्या तोंडाशी आडवा दांडा, तो ओलांडायला ब्रिस्टलच्या तोफा उतरवून तिला हलकी करावी लागली होती, म्हणजे घाईने पळणंही शक्य नाही. 1780 साली आर्बथनॉट घुसला तेव्हा क्लिंटन फेब्रुवारीपासून जमिनीवर होता आणि शहराच्या मानेवर खंदक खणत होता. तेव्हा आत जाण्याला अर्थ होता.

त्यामुळे 1776पुरता मी काटकसरीवर ठाम आहे. पार्करला थांबणं भाग होतं. थांबल्यावर त्याला दहा तास झोडपत राहण्याइतकी दारू उरवणं हे किल्ल्याचं काम, ते किल्ल्याने केलं.

चिकित्सक
आणि थांबणं भाग का पडलं? ब्रीच इनलेटमुळे. म्हणजे थॉमसन.

वृक्षवेडी
आणि थांबून मारलेले गोळे गेले कुठे? पाल्मेटोत.

उगीचच
शंभर प्रतिसाद होईपर्यंत हे असंच चालणार. मी क्लिंटनच्या 1780च्या वेढ्यावर वेगळा धागा काढतोय. ज्यांना खंदक मोजायचे आहेत त्यांनी तिकडे या, आणि या वेळी खोली आधी मोजून या.